मलप्पा स्वामींची संध्याकाळ

नागुबाईंना अक्षर कळायला लागलं ते साठी उलटल्यावर, म्हणून त्या अजून बोट ठेवून वाचतात. कागदावर ते चालतं. मोबाईलच्या काचेवर बोट ठेवलं की वाचायचं ते सरकून जातं. त्यामुळे सून मंजुश्री मोबाईल धरून उभी होती आणि नागुबाई ओट्याजवळच्या पाटावर बसून, मान पुढे काढून, अक्षराला अक्षर जोडत होत्या.

“एकोणीसशे एकोणसत्तर... साली... इष्टलिंगाची आण घेऊन... खरं सांगणारा... जंगम.”

“आन् त्याच्या खाली, आत्याबाई?”

“चंद्रावर... कोणी... गेलंच नाही.”

त्या अक्षरांच्या वर त्यांचाच चेहरा होता. महिन्याभरामागे नातवाने, रुद्रेशने, त्यांना गच्चीच्या पायरीवर बसवलं होतं आणि म्हणाला होता, आज्जी, तुझ्या वडलांची ती चंद्राची गोष्ट सांग. त्यांनी तासभर सांगितली होती. नातू इतका वेळ आपल्यापाशी बसला, याचंच त्यांना अप्रूप वाटलं होतं. आता काचेत त्या बोलत होत्या, “...तर अप्पांच्या डाव्या तळहातावर लिंग होतं. त्यांनी हात वर केला आन् म्हणाले, या लिंगाची आण, चंद्रावर कोणी गेलं न्हाई.” तेवढ्यात डमरू वाजला, शंख वाजला आणि चित्र संपलं.

“पुढचं लाव,” नागुबाई म्हणाल्या.

“एवढंच हाय, आत्याबाई.”

“एवढंच कसं? हे तर सकाळचं झालं. संध्याकाळ कुठं गेली?”

मंजुश्रीने मोबाईल पदराला पुसला. तिच्या तोंडावर हसू यायला बघत होतं आणि ती ते येऊ देत नव्हती. “नऊ लाख लोकांनी बघितलंय,” ती म्हणाली.

नागुबाईंनी गुडघ्यावर हात टेकले आणि उठल्या. त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं. ती सकाळ म्हणजे त्यांच्या बापाच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट सकाळ होती. बापाने चाळीस वर्षं जिची लाज बाळगली, ती नऊ लाख लोकांनी शंख वाजवून बघितली होती.

मलप्पा स्वामी मुखेडच्या पुढच्या एका लहान गावातले जंगम. आसपासच्या पाच गावांत लिंगायताच्या घरी लेकरू जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधायला त्यांनाच बोलावणं यायचं. माणूस बोलायचा कमी, पण त्याच्या शब्दाला वजन होतं. तो आषाढातला सोमवार होता. पेरण्या उरकल्या होत्या, पावसाने उघडीप दिली होती आणि माणसं महादेवाच्या देवळापुढच्या कट्ट्यावर निवांत बसली होती. स्वामी ओसरीत पूजेला बसले होते. तेरा वर्षांची नागू बेलाची परडी घेऊन शेजारी उभी होती. मुखेडला शाळा शिकणारा पाटलाचा लिंबाजी सायकल हाणत आला, आणि सायकलवरून न उतरताच ओरडला, “स्वामी, तुमच्या महादेवाच्या डोईवर माणूस बुटं घालून चालून राहिला! आत्ता रेडिओवर सांगितलं!”

कट्टा हसला. म्हणजे ज्यांना गोष्ट कळली ते हसले आणि ज्यांना कळली नाही ते त्यांच्याकडे बघून हसले. स्वामींना हसण्याचा राग आला की बुटांचा, ते नागूला तेव्हा कळलं नाही, पुढेही कधी नीट कळलं नाही. तळहातावर लिंग तसंच घेऊन ते बाहेर आले. हात वर केला.

“या लिंगाची आण. चंद्रावर कोणी गेलं न्हाई, जाणार न्हाई. गेलं असंल, तर आजपासून मी कुणाच्या गळ्यात लिंग बांधणार न्हाई.”

कट्ट्यावरच्यांनी हर हर महादेव केलं. लिंबाजी सायकल वळवून निघून गेला. रुद्रेशची गोष्ट इथं संपत होती.

नागुबाईंनी तर पुढचं सगळं सांगितलं होतं. दुपारपर्यंत बातमी पाच गावांत कशी फिरली, आणि मग दुसरंच कसं सुरू झालं. बाया विचारायला लागल्या, चंद्राला बूट लागलं तर सोमवारचा उपास सोडायचा कसा? चंद्र बाटला म्हणायचा का? एका दुकानदाराने पाच शेर दूध आणून ठेवलं. परातीत पाणी घेऊन त्यात चंद्र धरायचा, त्याला दुधाने न्हाऊ घालायचा, वरून स्वामींनी विभूती सोडायची, म्हणजे चंद्र शुद्ध. कुणी म्हणालं, अहो, आपण लिंगवंत, आपल्याला सुतक न्हाई, मग चंद्राला कसलं? यावरून दोन घरांत भांडण झालं. माणूस चंद्रावर गेला नाही असं सकाळी ओरडणारेच दुपारी चंद्र धुवायला बसले होते.

दिवस कलल्यावर स्वामी उठले आणि कधी नव्हे ते हेडमास्तरांच्या दारात गेले. नागू मागोमाग. “मास्तर, तुमचा रेडिओ ऐकायचा हाय,” ते म्हणाले. मास्तरांनी खुर्ची दिली, ते जमिनीवर बसले. मराठी बातम्या लागल्या. बातम्या संपल्यावर स्वामींनी एकच गोष्ट विचारली.

“तिथून त्यांनी काय घेतलं?”

“दगड आन् माती घेतली, स्वामी.”

“दुसरं काही न्हाई?”

“दुसरं काही न्हाईच तिथं.”

वाटेत ते थांबले. ढगाच्या फटीत चंद्राची अर्धी कोर होती. तिच्याकडे बघत म्हणाले, “नागू, थाप मारणारा माणूस सोनं सांगतो, अमृत सांगतो. एवढ्या लांब जाऊन दगडमाती घेतली म्हणतो, तो खरंच गेलेला असतो.”

कट्ट्यावर सकाळी पन्नासेक माणसं होती. आता दूधवाला दुकानदार धरून आठ. मलप्पा स्वामी त्यांच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “सकाळी मी चुकलो. माणूस गेलाय. चंद्र बाटला न्हाई. गंगा बी महादेवाच्या जटेतच हाय, तिच्यात लोक रोज पाय धुतात, ती कधी बाटली? हे दूध लेकरांना पाजा. मी आण घेतलीय, ती मी पाळीन.”

आणि पाळली. त्या दिवसापासून मरेपर्यंत चाळीस वर्षं त्यांनी कुणाच्या गळ्यात लिंग बांधलं नाही. पूजा करायचे, पण आपली आपली. पाच गावं तुटली. घरात येणारं धान्य थांबलं, तेव्हा दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेले. जंगमाने रोजाने जायचं, हे बघायला शेजारच्या गावची माणसं बांधावर उभी राहायची. नागुबाईंचा मुलगा बसवंत बाळंतपणात माहेरी झाला, तेव्हा त्या पाया पडून म्हणाल्या होत्या, “अप्पा, घरचंच लेकरू हाय, कोण बघतंय?” ते म्हणाले होते, “म्हणून तर.” आणि उदगीरकडून दुसरा स्वामी बोलावला होता.

हे सगळं रुद्रेशला सांगितलं होतं. तो मान हलवत होता.

आता रुद्रेश अंघोळ करून आला तेव्हा त्याच्या कपाळाला विभूतीचे तीन पट्टे होते. दोन महिन्यांपूर्वी या पोराने विभूतीकडे बघितलंसुद्धा नसतं.

“रुद्रेश, माझी अर्धी गोष्ट कुठं टाकून दिलीस?”

“टाकून न्हाई दिली, आज्जी. ठेवलीय. लोक दीड मिनिटाच्या वर बघत न्हाईत.”

“मग सकाळची ठेवून संध्याकाळची दाखवायची.”

तो हसला. “संध्याकाळी काय हाय? एक म्हातारा रेडिओ ऐकतो आन् चुकलो म्हणतो. कोण बघंल ते?”

“तो म्हातारा तवा चाळीस वर्षांचा होता.”

“तुला खरंच वाटतं का आज्जी, ते गेले होते?”

“हाव.”

“रेडिओनं सांगितलं म्हणून?”

“अप्पांनी सांगितलं म्हणून.”

“आन् त्यांना रेडिओनं. बघ! सगळे एकमेकाला सांगून राहिलेत, बघितलं कुणीच न्हाई. त्यांचा झेंडा हललेला दिसतो आज्जी, तिथं वाराच न्हाई. फोटोत आभाळ काळं, त्यात तारा एक न्हाई.”

“तू महादेव बघितलास का?”

“ते वेगळं हाय.”

“कसं वेगळं?”

“ते आपलं हाय.”

नागुबाईंचाही महादेव बघितलेला नव्हता, आणि त्याच्या जटेत चंद्र आहे यात त्यांना कधी शंका आली नव्हती. माणूस तिथं जाऊन आला यातही आली नव्हती. दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात एका घरातल्या दोन जावांसारख्या राहत होत्या, फार बोलत नसल्या तरी एकाच चुलीवर रांधत होत्या. हे पोराला कसं सांगायचं ते त्यांना सुचेना.

त्यांनी दुसरा उपाय केला. दुपारी मंजुश्रीचा मोबाईल मागून घेतला आणि व्हिडिओच्या खाली, जिथं लोक लिहितात तिथं, एका बोटाने लिहायला बसल्या. पाऊण तास लागला. “संध्याकाळी ते म्हनाले मी चुकलो मानूस गेला होता. त्यांची मुलगी नागुबाई.” पाठवलं. थोड्या वेळाने खाली उत्तर आलं, ते मंजुश्रीने वाचून दाखवलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःच जोडलं, “आजीबाई किती पैसे मिळाले?” त्याखाली आणखी एकाने लिहिलं होतं, “ही खरी आजी नाही.” संध्याकाळपर्यंत रुद्रेशने ते सगळंच पुसून टाकलं.

“त्याला काही बोलू नका, आत्याबाई,” मंजुश्री भाकरी थापताथापता म्हणाली. आवाज खालचा, कारण पोरगा पलीकडच्या खोलीत होता. “तीनदा परीक्षा दिली त्यानं. तिसऱ्यांदा राहिलं तवापासून दुपारी बारा बारापर्यंत पडून असायचा. पडदा लावून. सकाळी त्याचं दार ढकलायची मला भीती वाटायची. तुम्हाला सांगितलं न्हाई मी. आता सहाला उठतो. हाक मारावी लागत न्हाई. मला तो चंद्र खरा का खोटा, काय बी नको.”

नागुबाईंनी भाकरी उलटली. क्लासच्या गल्लीतून जाताना डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो लावलेले असतात, तिथून रुद्रेश मान खाली घालून जायचा, हे त्यांनी बघितलं होतं. तीन वर्षं ज्याने ज्याने जे जे सांगितलं ते ते त्याने पाठ केलं आणि हाताला काही लागलं नाही. मग त्याने एक दिवस ठरवलं असेल की सांगणारे सगळेच खोटे. आणि असं ठरवल्यावर त्याला झोप लागायला लागली असेल.

चार दिवसांनी गावाहून नागप्पाचा फोन आला. नागप्पाचं गावात बी-बियाणाचं दुकान, शिवाय महादेव मंदिराच्या कमिटीचा अध्यक्ष. आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा.

“शरणार्थ, नागुआक्का! अवो, तुम्ही तर गावाचं नाव केलात! स्वामींच्या समाधीवर आम्ही संगमरवरी पाटी बसवून राहिलो. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी. कापड तुमच्याच हातानं काढायचं.”

“पाटीवर काय लिहिलंय, नागप्पा?”

“स्वामींचं वचन! दुसरं काय? चंद्रावर कोणी गेलं न्हाई, ते. वरनं, सत्यवचनी मलप्पा स्वामी.”

नागुबाईंनी मला जमणार नाही, गुडघे दुखतात, असं सांगून फोन ठेवला. रुद्रेश दोन दिवस मागे लागला. तिसऱ्या दिवशी मंजुश्रीने त्यांचं लुगडं इस्त्री करून आणलं आणि खाटेवर ठेवलं. त्या लुगड्याकडे बघून नागुबाईंनी जायचं ठरवलं.

लातूरहून शिरूर ताजबंद आणि तिथून मुखेडची एसटी. वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याला आलेलं. रुद्रेश मोबाईलचं तिकाटणं मांडीवर घेऊन बसला होता. “आज्जी, आज सगळं थेट जाणार हाय. लोक तिथल्या तिथं बघतील. तू फक्त सकाळचं सांग. दोन मिनिटं. मग मी बोलतो.”

“हं.”

“रागावलीस?”

“न्हाई. दमलेय.”

समाधीजवळ मांडव घातला होता. दोनेकशे माणसं, त्यात पोरंच जास्त. मोठा फलक होता आणि फलकावर एक दाढीवाला, तेजस्वी डोळ्यांचा, रुंद छातीचा माणूस. नागुबाईंनी विचारलं, “हे कोण?”

“मलप्पा स्वामी,” रुद्रेश म्हणाला. “फोटो नव्हता ना. कम्प्युटरवर केला मी.”

मलप्पा स्वामींना दाढी नव्हती. छाती तर अशी की रानात खुरपताना उघडे असले की बरगड्या मोजाव्यात. नागुबाई त्या अनोळखी माणसाकडे बघत राहिल्या. पुढच्या खुर्चीत लिंबाजी पाटील बसले होते, हातात काठी, एका कानात यंत्र. तेव्हाचे हयात असलेले तेवढेच, म्हणून त्यांना मानाने आणलं होतं.

नागप्पाने भाषण केलं. सगळं जग फसलं पण आपल्या गावाचा एक जंगम फसला नाही, असं म्हणाला. टाळ्या झाल्या. मग त्याने नागुबाईंच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला आणि माईक पुढे केला. कापडाची दोरी दुसऱ्या हातात दिली. “दोन शब्द बोला आक्का, मग दोरी ओढा.”

नागुबाईंनी दोरी ओढली नाही. समोर रुद्रेश मोबाईल धरून उभा होता, अंगठा वर करून.

“मला बोलायला येत न्हाई,” त्या म्हणाल्या. “नागप्पा म्हणाला ते सकाळचं खरं हाय. अप्पांनी आण घेतली, मी तिथंच होते, बेलाची परडी धरून. पण त्या दिवसाला संध्याकाळ बी होती. ती तुम्हाला कुणी सांगितली न्हाई. संध्याकाळी अप्पा हेडमास्तरच्या घरी गेले, रेडिओ ऐकला, आन् कट्ट्यावर येऊन म्हणाले, मी चुकलो. माणूस गेला होता.”

मागून एक पोरगा ओरडला, “आजी, असं न्हाई, असं न्हाई! व्हिडिओत वेगळं हाय!”

“व्हिडिओ तू बघितलास, बाबा. मी तिथं होते.”

थोडे हसले. नागप्पाने माईककडे हात नेला. “आक्कांचं वय झालंय, प्रवासानं...”

“नागप्पा, थांब. तुझंच सांगते.” त्यांनी टेबलाचा कोपरा धरला. “सोमवारी ही आण घेतली. मंगळवारी सकाळी तुझा आजा आमच्या दारात आला. घरात नातू झाला होता, त्याला लिंग बांधायचं होतं. बांधून घरी आले असते तर कुणी काय म्हणणार होतं? आठ माणसं सोडली तर संध्याकाळचं कुणाला माहीतबी नव्हतं. अप्पांनी शिवदार हातात घेतला. लिंगाचा धागा. तुझ्या पाळण्यापर्यंत गेले. मी बघत होते. हात पुढंच जाईना त्यांचा. धागा तुझ्या आईच्या हातात दिला आन् उलटे फिरले. तुझ्या आज्यानं त्यांना वाटेत गाठून शिव्या दिल्या. त्यांनी ऐकून घेतल्या.”

नागप्पाचा हात आपसूक गळ्याकडे गेला होता.

“आमच्या घरात सांगायचे,” तो म्हणाला, माईकमध्ये नाही, नुसता, “मलप्पा स्वामी आमच्यावर रुसले होते. सावकारी होती ना आमची. म्हणून आले न्हाईत. आजा मरेपर्यंत त्यांच्या सावलीला उभा राहिला न्हाई.”

“रुसले न्हाई. तू पहिला होतास. तुझ्यानंतर आणखी लई झाले.”

लिंबाजी पाटील काठी टेकत उठले. त्यांना किती ऐकू आलं होतं कोण जाणे. मोठ्याने म्हणाले, “मी हसलो होतो! हे लिहा की कुठंतरी. मी हसलो नसतो तर स्वामी गप्प बसला असता!” आणि परत बसले.

मागची पोरं उठून जायला लागली. एकाने हर हर महादेव केलं, पण ते कुणी उचललं नाही. एक तरणी बाई कडेवरच्या लेकराला घेऊन पुढे आली आणि नागुबाईंना खुर्ची दिली. “बसा, आज्जी. लई थकलात.” तिने एवढंच म्हटलं.

कापड काढलं नाही. नागप्पाने पाटी तशीच कापडासकट मंदिराच्या खोलीत नेऊन ठेवली. जाताना तो नागुबाईंजवळ थांबला. खालच्या आवाजात म्हणाला, “नुसतं नाव लिहून दुसरी करतो.”

“हाव,” त्या म्हणाल्या. “तेवढं पुरे.”

परतीच्या एसटीत रुद्रेश खिडकीकडे तोंड करून बसला. जांब गाव मागे पडलं. मग एकदम म्हणाला, “मी बंद नव्हतं केलं.”

“काय?”

“थेट चालू होतं. तू बोलत होतीस तवा बंद करणार होतो. न्हाई केलं. का न्हाई केलं, कुणास ठाऊक. चार हजार लोक बघून राहिले होते. नागप्पाकाकाचं संपेपर्यंत साठ उरले. लोकांनी काय काय लिहिलंय, तुला वाचता येतंय म्हणून दाखवत न्हाई.” त्याने मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. “वाटोळं केलंस तू, आज्जी. एवढी एकच गोष्ट जमली होती मला.”

नागुबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने तो काढला नाही, पण खिडकीतून तोंडही वळवलं नाही. त्यांना वाटलं, आपण सांगितलं ते बरोबर सांगितलं, आणि त्याचं हे असं झालं तेही खरं. बापाची लाज परत बापाला दिली, ती उचलायला नातवाला लावली.

शिरूर ताजबंदला गाडी थांबली. शेंगावाला आला आणि गेला.

“ते संध्याकाळी गप्प बसले असते तर?” रुद्रेशने विचारलं. “आठच तर माणसं होती.”

“माझी आई हेच म्हणायची. चाळीस वर्षं म्हणायची. भाकरी वाढताना, निजताना. गप्प बसला असता तर.”

“मग ते काय म्हणायचे?”

“काय न्हाई. जेवायचे.”

तो नागुबाईंकडे बघत राहिला, जणू आणखी काही येईल. पण आणखी काही नव्हतं. मलप्पा स्वामींनी कधी कारण सांगितलं नव्हतं, आणि नागुबाईंना ते आपल्या मनाचं लावायचं नव्हतं. डोळे जड झाले होते. त्यांनी डोकं मागे टेकलं आणि लातूर येईपर्यंत झोपल्या.

पुढचे दोन दिवस बसवंत दाल मिलवरून यायचा, जेवायचा, माय-लेकरांकडे आणि आईकडे आळीपाळीने बघायचा आणि झोपायचा. पडदा परत लागला होता. मंजुश्री भांडी जरा जोरात ठेवत होती. नागुबाईंनी सोमवारसारखाच मंगळवार-बुधवारही एक वेळ जेवून काढला, पण उपास म्हणून नाही, जेवण जात नव्हतं म्हणून.

गुरुवारी सकाळी त्या पूजेला बसल्या होत्या. मंजुश्री दारात येऊन उभी राहिली.

“काढून टाकलं त्यानं,” ती म्हणाली. “तो व्हिडिओ. सगळाच. पहाटे काढला. आता बरं वाटलं?”

बरं वाटायला हवं होतं. नागुबाईंनी मनात शोधून बघितलं, तिथं तसं काही सापडलं नाही. तळहातावरचं लिंग त्यांनी सावकाश करंडकात, त्याच्या लहानशा डबीत, ठेवलं.

“उठलाय का तो?”

“उठलाय.”

“आपल्या आपण?”

मंजुश्रीने मान वळवून आत बघितलं. पडद्याची कडी सरकल्याचा आवाज आला, मग नळाचा.

“आपल्या आपण,” ती म्हणाली.

“मग चहा ठेव त्याला,” नागुबाई म्हणाल्या, “आन् मला बी थोडा.”